परत आलेल्यांची नावं

इंग्लंडमधल्या बहुतेक खेड्यांत चर्चच्या आवारात किंवा दोन रस्ते फुटतात तिथे एक दगडी क्रूस उभा असतो. त्याच्या चौथऱ्यावर नावं कोरलेली असतात. १९१४ ते १९१८ मधली बरीच, आणि त्यांच्याखाली उरलेल्या जागेत बसवलेली १९३९ ते १९४५ मधली थोडी. एकाच आडनावाची तीन नावं ओळीनं आली की वाचणारा तिथेच अडतो. भाऊ असणार. नोव्हेंबर आला की पायथ्याशी पॉपीच्या लाल फुलांची कागदी चक्रं येतात, अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला अकरा वाजता माणसं दोन मिनिटं गप्प उभी राहतात. ही प्रथा १९१९ पासूनची आहे आणि ती मनापासून पाळली जाते, हे मी इथे राहून पाहिलं आहे.

पण या दगडांवर सगळे नाहीत. इथे फक्त न परतलेले आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधून ६० लाखांच्या आसपास माणसं गणवेशात गेली आणि ७ लाखांहून अधिक मेली. म्हणजे आठांतले सात घरी आले. त्यांनी पुन्हा नांगर धरला, नळ जोडले, पत्रं वाटली, मुलं वाढवली आणि कधीतरी साठाव्या, ऐंशीव्या वर्षी अंथरुणात डोळे मिटले. त्यांचं नाव कुठल्याच चौथऱ्यावर नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा हिशेबही तारखांचा आहे. ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत युद्धाच्या जखमांनी मेलात तर समाधीची जबाबदारी आयोगाची. १ सप्टेंबरला मेलात तर ती तुमच्या घरच्यांची. दुसऱ्या युद्धासाठी ती रेषा ३१ डिसेंबर १९४७ ची आहे. कुठेतरी रेषा ओढावीच लागते, हे मान्य. पण वायूनं फुप्फुसं जळालेला माणूस १९२६ सालच्या हिवाळ्यात खोकून खोकून गेला, तो युद्धात मेला की नाही, याचं उत्तर तारीख देऊ शकत नाही.

कोहिमाला, १९४४ च्या त्या भयंकर लढाईच्या जागी, ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनचं स्मारक आहे. त्यावरचा मजकूर आपल्याकडेही पुष्कळांना पाठ असतो. तुम्ही घरी जाल तेव्हा त्यांना आमच्याविषयी सांगा, त्यांच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला, असा त्याचा आशय. निरोप मेलेल्यांचा आहे, पण तो पोचवायचं ओझं जिवंतांच्या डोक्यावर आहे. जो घरी जाणार आहे त्यालाच तो सांगितला आहे. आणि घरी गेलेल्यांतल्या कितीतरी जणांच्या तोंडून तो कधी बाहेरच पडला नाही.

हॅरी पॅच यांची गोष्ट मला त्यासाठी सांगायची आहे.

मी सॉमरसेटमध्ये राहते. वेल्स हे छोटंसं गाव इथून जवळ आहे. कॅथीड्रल असल्यामुळे कागदोपत्री ते शहर ठरतं, पण बाजाराच्या दिवशी पाहिलं तर आपलं वाईच वाटावं. तिथल्या एका वृद्धाश्रमात २५ जुलै २००९ रोजी, वयाच्या १११ व्या वर्षी, पॅच गेले. पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेला शेवटचा जिवंत ब्रिटिश सैनिक म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांची बातमी आली. त्यांच्या आधी सातच दिवस हेन्री ॲलिंगहॅम ११३ व्या वर्षी गेले होते, तेही त्याच युद्धातले, पण नौदलाच्या विमानदळातले.

पॅच यांचा जन्म १७ जून १८९८ चा, बाथजवळच्या कूम डाउनचा. काम प्लंबरचं. सैन्यात जायची हौस नव्हती. मोठा भाऊ आधीच लढाईवर जाऊन जखमी झाला होता आणि खंदकांत काय असतं ते त्यानं घरी सांगितलं होतं. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली आणि अठराव्या वर्षी यांना जावं लागलं. ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फन्ट्रीची सातवी पलटण, लुइस मशिनगनवर पाच जणांची टोळी. त्या पाच जणांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की शक्यतो कुणाला ठार मारायचं नाही, झाडायची ती पायांवर. एकदा एक जर्मन संगीन रोखून पॅच यांच्यावर धावून आला. यांच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं. त्याच्या खांद्यावर गोळी झाडली, तरी तो थांबेना, तेव्हा पायावर झाडली. मारता आलं असतं. मारलं नाही.

बेल्जियममधल्या लांगेमार्कला पुढे सरकताना कॉर्नवॉलचा एक पोरगा त्यांना वाटेत दिसला. खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला. मला गोळी घाला, म्हणाला. यांनी रिव्हॉल्व्हर काढायच्या आत तो गेला, आणि जाताना एकच शब्द म्हणाला, आई. त्या हाकेत भीती नव्हती, कुणी समोर भेटल्यासारखी ती हाक होती, असं पॅच म्हणत. ऐंशी वर्षं हे त्यांनी एकट्यानं उरात बाळगलं.

२२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री आघाडीवरून मागे येताना त्यांच्या टोळीच्या डोक्यावर तोफगोळा फुटला. पाचांतले तिघं होत्याचे नव्हते झाले. पुरायलाही काही उरलं नाही. पॅच यांच्या जांघेत तुकडा घुसला. तो काढायची वेळ आली तेव्हा भुलीचं औषध संपलेलं होतं. चौघांनी हातपाय दाबून धरले आणि डॉक्टरनं चिमट्यानं तो ओढून काढला. त्यांचं युद्ध तिथे संपलं.

मग घर. एडाशी लग्न, दोन मुलगे, पुन्हा प्लंबिंग. ब्रिस्टल विद्यापीठाचा विल्स मेमोरियल बिल्डिंगचा उंच मनोरा शहराच्या कुठूनही दिसतो. १९२० च्या दशकात तो बांधला जात होता तेव्हा तिथे नळकाम करणाऱ्यांत पॅच होते. पुढे फार उशिरा विद्यापीठानं त्यांना मानद पदवी दिली, ती रणांगणावरच्या शौर्याबरोबर या कामाचीही आठवण ठेवून. मला ते फार आवडलं. दुसऱ्या महायुद्धात लढायचं वय उरलं नव्हतं, तर ते बाथला आगीच्या बंबावर गेले आणि १९४२ च्या बॉम्बहल्ल्यांत आगी विझवल्या. एडा १९७६ मध्ये गेली. पन्नासहून अधिक वर्षांचा संसार. त्यात लांगेमार्कविषयी त्यांनी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

बोलते झाले ते १९९८ मध्ये, शंभरी गाठल्यावर. वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीसमोर चादरी-टॉवेलांचं कपाट होतं. रात्री कर्मचारी तिथे गेले की दिवा लागे. अर्धवट झोपेत तो लख्खकन पडलेला उजेड त्यांना गोळा फुटल्यासारखा वाटे. ऐंशी वर्षांनी, सॉमरसेटमधल्या उबदार अंथरुणात.

सार्वजनिक स्मरणदिनाविषयी त्यांचं मत कडक होतं. तो त्यांना निव्वळ देखावा वाटे. त्यांचा स्वतःचा स्मरणदिन २२ सप्टेंबर, त्या तिघांचा, आणि तो दिवस ते कुणाशी न बोलता काढत. युद्ध म्हणजे रीतसर केलेला खून, असं ते उघड म्हणत आणि पंतप्रधान समोर असले तरी शब्द बदलत नसत. २००४ मध्ये त्यांना चार्ल्स क्यून्त्झ भेटले. हे आताच्या फ्रान्समधल्या आल्सासचे, त्या वेळी तो मुलूख जर्मनीत असल्यामुळे जर्मनीकडून पासेनडेलला लढलेले. वय १०७. पॅच १०६ वर्षांचे. क्यून्त्झनी बिस्किटांचा डबा आणला होता, पॅचनी सॉमरसेटची सायडर. एकमेकांना मारायला ज्यांना पाठवलं होतं ते दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले आणि त्यांनी भेटी दिल्या-घेतल्या.

त्यांच्या अंत्ययात्रेला ६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सचे रस्ते दुतर्फा भरले होते. कॅथीड्रलच्या घंटेचे १११ ठोके पडले. शवपेटी ब्रिटिश सैनिकांनी खांद्यावर घेतली, बरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे दोन-दोन सैनिक चालले, आणि कुणाजवळ शस्त्र नव्हतं, कारण पॅच यांचीच तशी इच्छा होती. जर्मन वकिलातीच्या अधिकाऱ्यानं बायबलमधला उतारा वाचला. सैनिकाला निरोप द्यायची यापेक्षा योग्य रीत मला सुचत नाही.

पण पॅच १११ वर्षं जगले म्हणून आपल्याला कळले. ते ९९ व्या वर्षी गेले असते तर? बाथचा एक जुना प्लंबर गेला, एवढंच.

सरकारी कागदांवर विसंबावं म्हटलं तर तीही सोय पुरी नाही. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांची सेवापत्रकं लंडनमध्ये युद्धखात्याच्या कोठारात ठेवलेली होती. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ते कोठार पेटलं आणि निम्म्याहून अधिक कागद जळून गेले. जे वाचले त्यांच्या कडा काळ्या पडलेल्या, काही पाण्यानं फुगलेले. पहिल्या युद्धाची माणसं दुसऱ्या युद्धानं पुन्हा एकदा पुसली. मेलेल्यांची नावं निदान दगडांवर आणि समाधी आयोगाच्या वह्यांत राहिली. शिवाय प्रत्येकाच्या घरी नाव ओतलेली कांस्याची मोठी चकती गेली होती. तशा तेरा लाखांहून अधिक बनल्या. परत आलेल्याचा कागद जळला, की मग उरतं ते पदकाच्या कडेवर ठोकलेलं नाव आणि क्रमांक. तेही पहिल्या युद्धापुरतंच. दुसऱ्या युद्धाची ब्रिटिश पदकं नाव न घालताच दिली गेली. आधी अर्ज करायचा, मग पुठ्ठ्याच्या लहान डबीतून ती टपालानं येणार. पुष्कळांनी अर्जच केला नाही.

आमच्या शेजारचे आजोबा अशांतले नव्हते, पण फार वेगळेही नव्हते. माझा मुलगा त्यांना आजोबाच म्हणायचा आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून ते त्याला ओ द्यायचे. आयुष्यभर पोस्टमनचं काम केलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. टोमॅटो फार सुंदर लावत. मी भारतातली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण आपण भारत पाहिलाय हे ते कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर चर्चमध्ये पाद्रीबुवांनी दोन वाक्यांत सांगितलं की तरुणपणी ते तोफखान्यात होते आणि ब्रह्मदेशात लढले. मागच्या बाकावर बसलेल्या मला ते जेवढं नवं होतं, तेवढंच पुढे बसलेल्या त्यांच्या नातवंडांनाही. पुढे घर आवरताना मुलीला कपाटाच्या तळाशी ती पुठ्ठ्याची डबी सापडली. पदकं पातळ कागदात गुंडाळलेली, जशी आली तशी. फिती घडीतून सोडवलेल्यासुद्धा नव्हत्या. बर्मा स्टार हातात घेऊन ती मला म्हणाली, हे बाबांचं आहे हे मी सांगते म्हणून, नाहीतर यावर कुठे लिहिलंय?

माझ्या मराठी वाचकांपैकी काहींच्या मनात इथवर एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. ज्या फौजेच्या बळावर आपल्यावर राज्य झालं, तिच्या म्हाताऱ्यांची आठवण मराठीत का काढावी? माझं आजोळ साताऱ्याकडचं. १९४२ नंतर याच जिल्ह्यात प्रतिसरकार चाललं होतं, आणि त्याच वेळी याच जिल्ह्यातले तरुण मराठा पलटणींतून इटलीत आणि ब्रह्मदेशात लढत होते. एकाच गावात दोन्ही. तेव्हा या प्रश्नाकडे मी पाठ फिरवू शकत नाही. साम्राज्याचा जमाखर्च मांडायलाच हवा आणि त्यात फौजेच्या नावावर जे लिहायचं ते लिहायलाच हवं. पण अठराव्या वर्षी सक्तीनं उचललेला प्लंबरचा पोरगा साम्राज्याचा मालक नव्हता. पहिल्या महायुद्धात निम्म्याच्या आसपास आणि दुसऱ्यात बहुसंख्य ब्रिटिश सैनिक असेच बोलावणं आलं म्हणून गेले. दुसऱ्या युद्धानंतरही ती सक्ती चालूच राहिली, शेवटचे सक्तीचे सैनिक १९६३ मध्ये सुटले. यांना विसरल्यानं आपला कुठलाच हिशेब चुकता होत नाही.

आणि आपल्या गावच्या भिंतींवरही या युद्धाची पाटी आहेच. साताऱ्याच्या, पुण्याच्या, रत्नागिरीच्या खेड्यांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले. बस. दोन आकडे. इंग्लंडमधले दगड आठवत मी ती पाटी वाचली तेव्हा दोन्हींतला फरक मला लख्ख दिसला. तिकडे नावं आहेत, पण फक्त मेलेल्यांची. इकडे गेलेले सगळे मोजलेत, परत आलेलेसुद्धा, पण नाव एकाचंही नाही. गावात पेन्शन घेऊन आलेला तो जुना जमादार पारावर बसून बिडी ओढायचा, लहान मुलं त्याच्या मिशांना भ्यायची, आणि फ्रान्सात त्यानं काय पाहिलं ते त्याच्या सुनेलाही ठाऊक नव्हतं. दोन्हीकडचे शिपाई इथे मला एकाच ओळीत उभे दिसतात.

परतलेल्यांची नावं मुद्दाम लिहून ठेवणारी गावं इंग्लंडमध्ये आहेत, पण थोडी. ज्या गावातून गेलेले सगळेच्या सगळे पहिल्या युद्धातून जिवंत आले, त्यांना इथे 'थँकफुल व्हिलेज' म्हणतात. इंग्लंड आणि वेल्स प्रांत मिळून अशी पन्नासच्या थोडी वर. एवढ्या मोठ्या देशात एवढीच. आमच्या जवळच्या वेल्स गावापासून चेडरकडे जाताना रॉडनी स्टोक लागतं, ते त्यांतलं एक. जिथे कुणी मेलंच नाही, तिथेच परत आलेल्यांसाठी जागा मोकळी होती.

चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलविषयीही सांगायला हवं. दुसऱ्या चार्ल्स राजानं १६८२ मध्ये ते म्हाताऱ्या आणि जायबंदी शिपायांसाठी उभारायला घेतलं, आराखडा क्रिस्टोफर रेनचा, आणि १६९२ पासून तिथे पेन्शनर राहतात. नाव हॉस्पिटल असलं तरी ते घर आहे. लाल लांब कोट आणि काळी तिकोनी टोपी घातलेले हे म्हातारे समारंभांत सगळ्यांना दिसतात. २००९ पासून तिथे स्त्री सैनिकांनाही जागा मिळते. तिथे जायचं तर आपली लष्करी पेन्शन संस्थेला द्यावी लागते, बदल्यात छोटी खोली, जेवण, दवापाणी आणि आपल्यासारख्यांची सोबत. ही सोबतच मोठी. ज्याला बायकोला सांगता आलं नाही, त्याला शेजारच्या खोलीतल्याला सांगायची गरजच पडत नाही. पण तिथे एका वेळी तीनशेच्या आसपासच राहू शकतात.

कॅप्टन टॉम मूर तर जगाला दिसले ते ९९ व्या वर्षी. यॉर्कशरमधल्या कीथलीचे. १९४० मध्ये सैन्यात बोलावणं आलं, मग भारत, आधी मुंबई आणि पुढे कलकत्ता. हा प्रवास रस्त्यानं, ऐन पावसाळ्यात, आणि त्याला तीन आठवडे लागले. कोकणातले आणि घाटावरचे पाऊस ज्यांनी पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. सैन्याला मोटरसायकली चालवायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. मग ब्रह्मदेशातलं आराकान, विसरलेली सेना म्हणून ओळखली जाणारी चौदावी आर्मी, डेंगीचा ताप, रंगून, सुमात्रा. युद्धानंतर छपराच्या सामानाची विक्री, काँक्रीटची कंपनी, मोटरसायकलच्या शर्यती, दोन मुली. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा वार्षिक मेळावा त्यांनी साठहून अधिक वर्षं भरवला, आणि याची बातमी कुठेच आली नाही. एप्रिल २०२० मध्ये वॉकर धरून त्यांनी अंगणात शंभर फेऱ्या मारायला घेतल्या आणि आरोग्यसेवेसाठी तीन कोटी पौंडांहून अधिक जमले. २ फेब्रुवारी २०२१ ला ते कोविडनं गेले. त्या फेऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला तो मेळावा अधिक मोठा वाटतो. दर वर्षी पत्रं पाठवायची, यंदा कोण कमी झालं ते पाहायचं आणि उरलेल्यांसाठी जेवणाची जागा ठरवायची, हे साठ वर्षं करणं म्हणजे कोहिमाचा निरोप आपल्या परीनं पोचवणंच.

फ्लॉरेन्स ग्रीन फेब्रुवारी २०१२ मध्ये गेल्या. त्या हवाई दलाच्या भोजनगृहात काम केलेल्या. त्यांच्याबरोबर पहिल्या महायुद्धात सेवा केलेलं जगातलं शेवटचं माणूस गेलं. दुसऱ्या युद्धातले जे आहेत ते आता शंभरीच्या आसपास आहेत. ज्यांच्या घरात असं माणूस अजून आहे, मग ते सॉमरसेटचं असो की साताऱ्याचं, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की विचारा. पराक्रम विचारू नका, तो ते सांगणार नाहीत. जेवायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, झोप कुठे काढायचात, ते विचारा.

आजोबांच्या मुलीला आता तेही शक्य नव्हतं, म्हणून तिनं संरक्षण खात्याकडे वडिलांच्या सेवापत्रकासाठी अर्ज केला. ही कागदपत्रं सुदैवानं जळलेली नाहीत, आणि २०२२ पासून ती टप्प्याटप्प्यानं राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊ लागली आहेत. बऱ्याच दिवसांनी झेरॉक्सचं पाकीट आलं. ती ते घेऊन आमच्याकडे आली, कारण बारीक अक्षरांतली संक्षिप्त रूपं आणि गावांची नावं तिला लागत नव्हती. मुंबईला बोटीतून उतरल्याची तारीख होती. खालच्या ओळीत देवळाली. तिनं विचारलं, हे कुठे आलं? मी नकाशा उघडून नाशिक रोड दाखवलं, तोफखान्याची छावणी तिथे अजूनही आहे म्हणून सांगितलं, थंडीत तिथे द्राक्षं कशी मिळतात तेही सांगितलं. उन्हाळा किती कडक असतो? पाणी कसं असेल तेव्हा? पोरं किती वर्षांची असायची? मला जे माहीत होतं ते मी सांगत गेले, आणि ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पुढचं गाव विचारत गेली.